भरलेली गाडी अकरा देते, रिकामी चौदा: आपल्या पिकअपच्या डिझेलचा हिशेब



आजचा मेसेज फवारणीचा नाही. थोडा लांब आहे, तेव्हा सवडीनं वाचा. ज्यांच्या घरी पिकअप आहे, जे घ्यायच्या विचारात आहेत आणि ज्यांच्या संत्र्याच्या पट्टीतून कंपनी गाडीभाडं कापते, म्हणजे जवळपास सगळ्यांनीच.

आंबिया बहराच्या हंगामात संचालकांच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या कागदावर लिटरला चौदाच्या वर अ‍ॅव्हरेज लिहिलं होतं. आपल्या डिझेलच्या पावत्यांचा हिशेब मात्र हंगामभर दहा-साडेदहाच्या पुढं जाईना. पाणी मुरतंय कुठं? कोणी स्पष्ट बोललं नाही, पण सगळ्यांचं बोट आपल्या ड्रायव्हर काकांकडंच होतं. पावत्यांचा तक्ता मीच केला होता. त्याखाली 'तफावत तपासावी' असं लालमध्ये लिहिलंही होतं. मीसुद्धा त्यांच्यावरच संशय घेतला, हे आधीच कबूल करते.

काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तुमी कागद पायता, म्या रस्ता पायतो. चार दिवस माह्या बाजूले बसा, मंग लाल लिहा का हिरवं."

मग बसले. चार दिवस म्हणता म्हणता तीन आठवडे गेले.

पहिली गोष्ट, आम्ही मोजतच चुकीचं होतो. महिन्याच्या पावत्या आणि महिन्याचे किलोमीटर असा आमचा भागाकार. त्यात गाडी कधी भरलेली, कधी रिकामी, कधी शेतरस्त्यावर, कधी हायवेवर, आणि सगळ्याची एकच खिचडी. वर महिन्याच्या एक तारखेला टाकीत किती होतं आणि तीस तारखेला किती उरलं, याची कुठंच नोंद नाही. टाकी पन्नास-साठ लिटरची. तिच्यातलं अर्ध इकडचं तिकडं झालं तर महिन्याचा आकडा कुठल्या कुठं जातो.

बरोबर पद्धत सोपी आहे. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची आणि मीटरचा आकडा लिहायचा. गाडी चालवायची. परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, गाडी तशीच सपाट उभी करून पुन्हा आपोआप बंद होईपर्यंत भरायची. जेवढे लिटर बसले तेवढेच जळाले. किलोमीटर भागिले लिटर. नोझल बंद झाल्यावर 'अजून थोडं बसते' म्हणून फेस दाबत बसायचं नाही, तिथंच हिशेब बिघडतो. आणि एका खेपेवर निकाल द्यायचा नाही. अमरावतीला एकीकडं पन्नासेक किलोमीटर पडतात, चार-साडेचार लिटर जळतं. भरताना अर्धा लिटर कमी-जास्त झाला तरी दहा टक्क्यांची चूक. म्हणून आम्ही पाच खेपा केल्या. परतवाड्याला भरायचं, अमरावतीला माल उतरवून तिथं भरायचं, आणि परत आल्यावर पुन्हा भरायचं. पंपावरचा पोरगा दुसऱ्या दिवसापासून आम्हाला पाहूनच हसायला लागला.

पाच खेपांची बेरीज अशी. जाताना भरलेली गाडी, साठ कॅरेट, माल १२ क्विंटल धरा. २५० किलोमीटरला २३.१ लिटर, म्हणजे लिटरला १०.८. येताना रिकाम्या कॅरेटसह २५० किलोमीटरला १७.६ लिटर, म्हणजे १४.२.

शोरूमचा कागद खोटा नव्हता आणि काकाही खोटे नव्हते. कागदावरचा आकडा आम्हाला मिळाला, पण फक्त रिकाम्या गाडीत.

त्याचं कारण असं. कंपन्या जो आकडा सांगतात तो चाचणीतला असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या पद्धतीनं चालवतात. थोडा वेळ थांबा, थोडी गती घ्या, पुन्हा थांबा. सगळा खेळ वीस मिनिटांच्या आत आटोपतो आणि वरची गती ताशी ९०. सगळ्या गाड्यांना एकच माप लागावं म्हणून हे केलेलं आहे, आणि तेवढ्यासाठी ते ठीकच आहे. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला तो आकडा वापरा. पण त्या खोलीत समोरून वारा नाही, खड्डा नाही, नांदगाव पेठच्या टोलची रांग नाही आणि हौद्यात संत्रा नाही. छोटा हत्ती असो, बोलेरो पिकअप असो, इंट्रा असो की दोस्त, कागद आणि रस्ता यांच्यात हे अंतर राहणारच.

आता बैठकीत आम्ही खरी चूक कुठं केली ते सांगते. आम्ही अ‍ॅव्हरेज पाहत होतो. शेतकऱ्यानं अ‍ॅव्हरेज पाहायचंच नसतं.

हिशेब करून पाहा. डिझेल ९० रुपये धरू, तुमच्या पंपावरचा आजचा भाव तुम्ही टाका. १२ क्विंटल घेऊन अमरावतीला जाऊन-येऊन १०० किलोमीटर, डिझेल सव्वाआठच्या आत, खर्च साधारण ७३३ रुपये. क्विंटलला पडले ६१. आता तीच गाडी अर्धी भरून, ६ क्विंटल घेऊन पाठवली समजा. जाताना ती साडेबाराच्या जवळ देईल, येताना तेच चौदा. एकूण साडेसात लिटर, ६८० रुपये. अ‍ॅव्हरेज १२.३ वरून १३.२ वर गेलं. बैठकीत टाळ्या! पण क्विंटलला पडले ११३. जवळपास दुप्पट, आणि ते तुमच्या पट्टीतून गेले.

म्हणजे ज्या आठवड्यात काकांचं अ‍ॅव्हरेज माझ्या तक्त्यात चांगलं दिसलं, त्याच आठवड्यात सभासदाचं नुकसान झालं होतं. गाडी अर्धी गेली होती. आणि अर्धी का गेली? 'माहा माल आजच न्या' म्हणून तिघांनी फोन केले, आणि ऑफिसनं, म्हणजे आम्हीच, हो म्हटलं. पावत्या पुन्हा काढून पाहिल्या तर आंबियाच्या हंगामात अशा बऱ्याच खेपा निघाल्या.

यावरून कोणी 'मग दोन टन कोंबा' म्हणू नये. गाडीच्या आरसी बुकात जेवढं पासिंग लिहिलंय तेवढंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आणखी. पाटे बसतात, टायर फुटतो, ब्रेक लांब लागतो ते वेगळंच.

हायवेचं झालं. पण खरं डिझेल जळतं ते आपल्या गावातच. शेतातून माल गोळा करायच्या फेऱ्यांना लिटरला फक्त आठ मिळाले. पहिल्या दिवशी मला वाटलं, रस्ता खराब म्हणून. काळ्या मातीची पांदण, पहिला-दुसरा गिअर, ते आहेच. पण बगिच्यात पोचल्यावर कॅरेट भरेपर्यंत तासभर गाडी सुरूच. दुसऱ्या बगिच्यात पुन्हा तेच. मी म्हटलं, काका, बंद करा ना गाडी.

"बॅटरी उतरेल हाय ताई. बंद केली तं धक्का कोन देईन, तुमी का संत्रा? म्या हापिसात दोनदा सांगतलं."

खरंच सांगितलं होतं. ऑफिसच्या वहीत दोन ठिकाणी नोंद सापडली. 'बॅटरी बदलणे, पुढील बैठकीत', आणि पुढच्या बैठकीत आम्ही अ‍ॅव्हरेजवर चर्चा केली.

असं इंजिन उभ्या उभ्या ताशी अर्धा ते एक लिटर पितं. पाऊण धरा. दिवसाला दोन तास म्हणजे दीड लिटर, १३५ रुपये. हंगामाच्या साठ दिवसांचे ८,१००. एवढ्यात नवी बॅटरी येते आणि वर चहापाणी होतं. आम्ही बॅटरी वाचवली आणि डिझेल जाळलं. बॅटरी बदलल्यावर त्याच फेऱ्यांना साडेनऊ मिळायला लागले. रस्ता तोच आणि ड्रायव्हरही तेच.

टायरमधल्या हवेचं सगळे सांगतात आणि कोणी तपासत नाही. आम्ही तपासलं तर मागच्या दोन चाकांत हवा कमी. कमी हवेचा टायर जास्त दबतो, रस्त्याला जास्त चिकटतो, इंजिनाला जास्त ओढावं लागतं. दाराच्या कडेला किंवा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात, ते बघा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. उन्हातून पन्नास किलोमीटर आलेल्या टायरची हवा जास्तच दिसणार. एक गंमतही सांगते. घासलेल्या टायरवर मीटर जास्त किलोमीटर दाखवतो, कारण चाक लहान झालेलं असतं. टायरची आठ मिलिमीटर जाडी झिजली तर दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. कोणी 'माही गाडी नव्या टायरवर कमी देते' म्हणत असेल तर गाडी तेवढीच देते, मीटर आता खरं बोलायला लागलाय.

गतीचं. हवेचा अडथळा गतीच्या वर्गानं वाढतो. ५५ ऐवजी ८० नं गेलात तर हवा दुपटीपेक्षा जास्त जोरानं मागं ढकलते. पिकअपचं तोंड चपटं, मागं कॅरेटची भिंत, त्यात ताडपत्री सैल सुटून फडफडत असेल तर विचारूच नका. पेट्रोलियम संवर्धनाचं काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था ४५ ते ५५ ची गती सांगते ती उगाच नाही. आमच्या पाच खेपांत काकांनी काटा ५५ च्या पुढं जाऊ दिला नाही. त्यापायी अमरावतीला दहा-बारा मिनिटं उशीर झाला. लिलावाची वेळ गाठायची असेल तर वीस मिनिटं आधी निघा, पण ते ज्याच्या बगिच्यात माल अडतो त्याच्या हातात आहे, ड्रायव्हरच्या नाही.

रस्त्याचंही ऐका. अमरावती-अकोला हायवे आधी काय होता ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नाव गेलं. लोकांना तो विक्रम वाटला. काकांना विचाराल तर ते सांगतील, "टॉप गिअर लागला तो लागलाच." खड्ड्यापाशी ब्रेक मारला की गाडीला दिलेली गती उष्णता होऊन जाते, आणि पुन्हा गती घ्यायला डिझेल पुन्हा मोजावं लागतं. गाडी भरलेली असेल तर हा भुर्दंड दुप्पट.

आता मेळघाटाकडं. चिखलदऱ्याच्या मोथा परिसरातल्या स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्यांसाठी खत-औषध घेऊन गाडी वर जाते. परतवाड्याहून चिखलदरा तीसेक किलोमीटर, चढ सातशे मीटरच्या वर. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते, आपल्या विजेच्या मीटरवरचे तेच युनिट. तीन टनांची भरलेली गाडी सातशे मीटर वर उचलायला साडेपाच-पावणेसहा युनिट लागतात. पण इंजिन डिझेलमधला तिसरा हिस्साच चाकापर्यंत पोचवतं, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उडून जातं. म्हणून नुसत्या चढाला पावणेदोन लिटर. सपाटीचे तीस किलोमीटर पावणेतीन लिटरचे, ते वेगळे. एकूण साडेचार. लिटरला सात मिळाले तरी ड्रायव्हरला चहा पाजा.

उतरताना मात्र एक गोष्ट कानाला खडा लावून ऐका. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. डिझेल वाचतं असं पुष्कळ जण म्हणतात. आजच्या इंजिनात उलट आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर इंजिनाला डिझेल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केली तर इंजिन सुरू ठेवायला डिझेल जळत राहतं आणि वर इंजिनाचा ब्रेकही जातो. सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, आणि घाटात तापलेला ब्रेक लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, जुने ड्रायव्हर सांगतात ते आजही खरं आहे.

अशा आणखी दोन-तीन समजुती आहेत. 'उन्हाळ्यात सकाळी डिझेल भरा, थंड असतं, जास्त येतं.' डिझेल उन्हानं फुगतं हे खरं, वीस अंशांना दीड टक्क्याच्या आसपास. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथं सकाळ-दुपारचा फरक पडत नाही. उगाच झोपमोड. दुसरी, रॉकेल मिसळणं किंवा कॅनमधलं स्वस्त 'बायोडिझेल' टाकणं. जुन्या इंजिनानं ते खपवून घेतलं असेल. आताच्या कॉमन रेल इंजिनाचा पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर चालतात. दहा रुपये वाचवायला जाल आणि इंजेक्टरच्या बिलात एका बहराचा नफा जाईल.

तिसरी समजूत माझ्या खात्यातली आहे, म्हणून जरा रेटून सांगते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या काहींना डिझेलशिवाय वेगळ्या टाकीत डीईएफ लागतं. ते म्हणजे शुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. एका सभासदानं मला फोन करून विचारलं, 'मॅडम, युरियाच हाय तं घरच्या बोरीतला पान्यात घोळून टाकला तं?' अजिबात नाही. २०१५ पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो. तो तुमच्या पऱ्हाटीला चांगला, कारण युरियातलं नत्र सावकाश मिळतं. गाडीच्या धूर साफ करणाऱ्या यंत्रणेत मात्र तो थर, बायुरेट आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार सगळं जाऊन बसतं आणि ती यंत्रणा कायमची बाद होते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीशिवाय वापरणं खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. डीईएफ सीलबंद डब्यातलंच घ्या.

ज्या गाडीत धुरातली काजळी धरून ठेवणारी जाळी आहे, त्यांनीही लक्ष द्या. ती जाळी अधूनमधून स्वतःची काजळी जाळून साफ होते, त्याला जास्तीचं डिझेल लागतं आणि गाडी काही वेळ सलग, गरम चालावी लागते. रोज फक्त घर ते शेत, शेत ते घर अशी पाच किलोमीटरची गाडी असेल तर ती जाळी तुंबते. अशा वापराला नवी पिकअप घेण्याआधी दोनदा विचार करा. ट्रॅक्टर-ट्रॉली घरी असेल तर पाच किलोमीटरला तीच बरी.

पुढची बैठक झाली तेव्हा मी नवा तक्ता ठेवला. त्यात अ‍ॅव्हरेजचा रकाना नाही. खेप, क्विंटल, लिटर, आणि क्विंटलला किती रुपये. लाल शेऱ्याचा जुना कागदही सोबत ठेवला आणि सगळ्यांसमोर काकांची माफी मागितली. ते कानकोंडे झाले. म्हणाले, "जाऊ द्या ना ताई, बॅटरी आली ना." पण तीन महिने त्यांच्याकडं लोक कसे पाहत होते ते मी गाडीत बाजूला बसून पाहिलं आहे. पंपावरसुद्धा 'आज किती काढलं?' असं गमतीत विचारणारे होते.

बैठकीत ठरलं ते असं. येत्या मृग बहरापासून गाडी भाव पाहून नाही, भरल्यावर निघेल. गावनिहाय दिवस ठरवून ग्रुपवर टाकू. आपल्या गावाच्या दिवशी माल सकाळी सातपर्यंत पक्क्या रस्त्यापर्यंत आणून ठेवला, तर गोळा करण्याच्या फेरीचं डिझेल त्या पट्टीत लागणार नाही. पांदणीत गाडी बोलावली तर लागेल, आणि किती लागलं ते पट्टीवर लिहून येईल. ४० कॅरेटपेक्षा कमी माल असताना 'आजच न्या' म्हटलं, तर जास्तीचं भाडं मागणाऱ्याच्या नावावर, सगळ्यांवर नाही. यावर एक-दोन जण नाराज आहेत, मला माहीत आहे. बोलायला या.

घरची पिकअप असलेल्यांनी याच पद्धतीनं निदान पाच खेपा मोजा. मीटर, लिटर आणि क्विंटल, एवढं वहीच्या एका पानावर लिहा आणि फोटो मला पाठवा. हिशेब करून परत पाठवीन. कोरा तक्ता ऑफिसात मिळेल. काकांकडंही असतो, डॅशबोर्डच्या कप्प्यात.

उद्याच्या मेसेजमध्ये मृगाच्या संत्र्यावरची फळगळ.

— कृषी सल्लागार, कंपनी कार्यालय, अचलपूर